सूर्य फक्त जनरल शिफ्ट करतो

माझ्यामागून पाळीवर येणारे परममित्र, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, यांसी सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझा गुडघा, वरचे दात आणि तुझी वहिनी हे तिघं सोडले तर तक्रारीला जागा नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. पट्टी निघाली तरी इतक्यात वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे, तेव्हा हे पत्र तुझा मुलगा तुला वाचून दाखवणार हे मी धरून चाललोय. (मुला, सावकाश वाच, आणि कंसातलंही वाच. तुझा बाप कंसातलंच तेवढं लक्ष देऊन ऐकतो.) सूनबाईंना आशीर्वाद सांग. धाप कशी आहे? जिने चढत जाऊ नकोस. तिकडे लिफ्ट आहे तर तिच्यातून जा, तिच्यावर अविश्वास दाखवून तिचं काही बिघडत नाही, तुझंच बिघडतं.

आता पत्राचं कारण. खरं तर ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय. परवा तुझ्या मुलाचा फोन आला. तू पुन्हा बॅग भरून पलंगाखाली ठेवलीस आणि कॉलनीत परत जायचं म्हणून हटून बसलास, असं तो म्हणाला. बाबा तुमचं ऐकतात काका, तेव्हा तुम्हीच लिहा की तिथं आता काही राहिलेलं नाही, आणि मी लिहायला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. मी शब्द दिला. म्हणून हे मी तुला सांगत नाहीये. (मुला, वरची चार वाक्यं गाळून वाचली असशील तर परत मागे जा.) पोरगं चुकीचं बोलत नाही रे. तुझी छाती ती तशी, आपला दवाखाना प्लांटबरोबरच बंद झालेला, शहराकडे जाणारी बस दिवसातून दोनदा येते आणि तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं. तेव्हा या पत्रात मी फक्त तू इकडे का येऊ नयेस तेवढंच लिहिणार आहे. मला तुझी आठवण वगैरे येते असा एखादा शब्द चुकून आलाच, तर तो हस्ताक्षराचा दोष समजावा.

पहिलं कारण असं की इथं झोप लागत नाही. आपला विजेचा प्लांट बंद होणार म्हटल्यावर पोटापाण्याचं काय, पोरांच्या नोकऱ्यांचं काय, यावर आपण किती घसा कोरडा केला, पण झोपेचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. टर्बाइनचा तो घूं आवाज आपल्या भिंतींत होता, फडताळातल्या भांड्यांत होता, उशीत होता. आपल्या कॉलनीत जन्मलेल्या पोरांना शांतता म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. तो आवाज थांबला आणि नळाचा थेंब, घड्याळ, शेजाऱ्यांच्या घरातला चमचा, सगळं कानाशी येऊन बसलं. त्यात आपली माणसं जन्मभर प्लांटच्या वर आवाज चढवून बोललेली. ती सवय जाता जात नाही. पलीकडच्या ओळीतले नवरा-बायको एकमेकांना काय काय म्हणतात ते आता आख्ख्या कॉलनीला पाठ झालंय. (त्यातलं निम्मं तुला समोर आल्यावर सांगण्यासारखं आहे, पण तू येणार नाहीयेस, तेव्हा राहू दे.) मी दुपारी फ्रिजला पाठ लावून स्वयंपाकघरात आडवा होतो. आपले फोरमनसाहेब, जे नोकरीतून निवृत्त झाले पण साहेबपणातून नाही, त्यांनी झोप लागावी म्हणून उशाशी मिक्सर रिकामा चालवून पाहिला. मिक्सर जळाला. त्यांच्या बायकोनं त्या दिवशी त्यांना जे सुनावलं तेही सगळ्यांनी ऐकलं.

दुसरं कारण विजेचं. तू गेलास तोवर आपल्याला प्लांटची स्वतःची लाइन होती. ती तोडून आपल्याला गावाच्या साध्या लाइनवर टाकलं, आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी दिवे गेले. अरे, दिवे गेले! आपल्या कॉलनीत! जन्मभर साऱ्या मुलखाला वीज पुरवणारे आपण, आणि एकाच्याही घरात मेणबत्ती निघाली नाही. टॉर्च होत्या, त्याही प्लांटच्या, त्या जमा करून झालेल्या. सगळे अंगणात आले आणि सगळ्यांनी एकदम मान वर करून चिमणीकडे पाहिलं, मी धरून. तिथून धूर येत नाही हे ठाऊक असून पाहिलं. फोरमनसाहेब तर लेंग्यावर हेल्मेट चढवून प्लांटच्या फाटकापर्यंत पळत गेले, कोणतं युनिट ट्रिप होऊन बंद पडलं ते बघायला. वॉचमननं त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं. आम्ही कुणीही हसलो नाही, कारण अर्धे जण त्यांच्याच मागून निघाले होते.

तेव्हा मग क्लबच्या छपरावर आणि मागच्या खेळाच्या मैदानावर सोलर पॅनेलं बसली. टेबल टेनिसच्या खोलीत कपाटांएवढ्या बॅटऱ्या आल्या. हे सगळं बसवायला एक इंजिनिअरबाई आल्या होत्या, वयानं तुझ्या सुनेएवढ्या, स्वभावानं गोड, पायात बूट आणि केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून सगळं समजावलं. दिवसा पॅनेलं वीज करणार, उरेल ती बॅटरीत जाणार, सूर्य मावळला की बॅटरी घरांना देणार. फोरमनसाहेबांनी हात वर केला आणि विचारलं, सेकंड शिफ्टला कोण? बाई म्हणाल्या, काका, याला कुणी लागत नाही, हे आपोआप चालतं. आणि हसल्या. मग आमचे चेहरे पाहून त्यांचं हसू एकदम मावळलं. मला त्यांची फार दया आली, कारण त्यांनी वाईट काहीच सांगितलं नव्हतं. पण कंट्रोल रूममध्ये जन्मभर एक क्षणही खुर्ची रिकामी ठेवायची नाही असं शिकलो, आणि इथं खुर्चीच नको म्हणजे काय, हे आम्हाला पचायला जड गेलं.

तर आम्ही पचवलंच नाही. बाईंची पाठ वळताच फोरमनसाहेबांनी पाळ्या लावल्या. फर्स्ट, सेकंड, नाइट. कंट्रोल रूममधली खुर्ची भंगारात निघाली होती, ती चौघांनी उचलून टेबल टेनिसच्या खोलीत आणली. भिंतीवर एक छोटा पडदा आहे, त्यावर आकडे येतात, त्यांच्यासमोर आम्ही आळीपाळीनं बसतो आणि काहीही करत नाही. काहीही न करणं हे किती दमवणारं काम आहे ते तुला सांगून कळायचं नाही. घरी जाताना पाय दुखतात. तुझी वहिनी म्हणते, पगार नाही, काम नाही, तरी डबा मात्र लागतो! पण तीच डबा भरून देते, आणि मी निघालो की पूर्वीसारखी दारापर्यंत येते, तेव्हा तिच्या बोलण्यावर जाऊ नये.

या सूर्याबद्दल मला कामगार म्हणून दोन शब्द बोलायचेत. हा फक्त जनरल शिफ्ट करतो. सेकंड शिफ्टला सांगा, नाइटला सांगा, कानावर घेत नाही. हजेरीला उशिरा येतो, थंडीत तर लवकर पळतो, आणि मध्येच अर्ज न देता ढगाआड रजेवर जातो. नेमकी संध्याकाळी, जेव्हा घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मोटारी सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा हा घरी. असला माणूस आपल्या गँगमध्ये असता तर आपण त्याला एका महिन्यात कोळसा उतरवायला पाठवला असता. आता त्याच्या पाळीप्रमाणे आमचं घर चालतं. धुणं दुपारी, इस्त्री दुपारी, गिझर दुपारी. तुझी वहिनी म्हणाली, पंचवीस-तीस वर्षं तुमच्या पाळीप्रमाणे मी जेवले-झोपले, आता ह्याच्या. पण हा निदान दर आठवड्याला वेळ बदलत नाही.

धुण्यावरून आठवलं. एकदा भर दुपारी पडद्यावरचा आकडा खाली यायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी आणखी खाली. आमची गाळण उडाली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण बिघाड म्हणजे काम. सगळ्या पाळ्या एकत्र बोलावल्या. केबल तपासली, जोड आवळले, इन्व्हर्टरच्या जाळ्या पुसल्या, फोरमनसाहेबांनी फळ्यावर आकृत्या काढल्या. आठवडा गेला. शेवटी बाईंना फोन केला, त्या शहरातून धावत आल्या, खोलीत शिरण्याआधी क्लबच्या मागे एक चक्कर मारली आणि आम्हाला बाहेर बोलावलं. सगळ्या पॅनेलांवर गोधड्या वाळत होत्या. कॉलनीतल्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा पांढरं कापड बाहेर वाळत घालता येत होतं, कोळशाचा कण न पडता, आणि इतकी तापलेली, तिरपी, गुळगुळीत जागा त्यांना दुसरी कुठली मिळणार? सगळ्यात वर आमच्याच घरची चादर होती. बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी एकानंही बाहेर येऊन बघितलं नाही? नाही बघितलं. तूच सांग, आपल्या कंट्रोल रूमला खिडकी होती का? बाहेर पाऊस आहे की ऊन, हे आपल्याला पुढच्या पाळीवाल्याच्या चपलांवरून कळायचं. आकडा पडला की आपण बोर्डाकडे बघतो. आकाशाकडे बघायला आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता माझी फजिती. ती फोनवर तुला कुणी सांगितली असेल, पण चुकीची सांगितली असेल, म्हणून मुळापासून लिहितो. या सगळ्याचं रीतसर उद्घाटन करायला एक मोठे साहेब आले. मांडव, माईक, फीत, खुर्च्यांवर कव्हरं. पाळी माझी होती. सगळे बाहेर मांडवात आणि मी आत पडद्यासमोर, कारण समारंभ असला म्हणून खुर्ची सोडायची नसते हे तुला सांगायला नको. भाषण आत ऐकू येत होतं. साहेब फार चांगलं बोलत होते. कोळसा संपतो, सूर्य संपत नाही, सूर्य कधी संप करत नाही, सूर्य कधी थांबत नाही, आणि एवढ्यात ढग आला. मला ढग कुठून दिसणार? मला दिसला आकडा. उभ्याच्या उभा निम्म्याच्या खाली कोसळला. आपल्याकडे आकडा असा कोसळला की त्याचा अर्थ काय, ते तुला माहीत आहे, आणि माझ्या हाताला तर माझ्याही आधी माहीत आहे. डोकं विचार करायला लागेपर्यंत हात सगळं बंद करणाऱ्या लाल बटणावर पोचला होता. सगळी कॉलनी बंद. माईक बंद. साहेब 'सूर्य आपल्याला अंधारात' एवढं म्हणून थांबले.

(मुला, तुझा बाप आता खोकत असेल. तो खोकला नाही, हसतोय. त्याला पाणी दे.)

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून घाम फुटतो. बटण दाबल्यावर मी नियमाप्रमाणे मोठ्यानं ओरडलो, युनिट ट्रिप! आणि मांडवातल्या आपल्या सगळ्या माणसांनी ते ऐकलं. म्हातारे एका झटक्यात उठले. पाहुण्यांच्या खुर्च्या पाडत, फीत तोडत, ज्याची जी जागा तिकडे पळाले. एक जण तर जुन्या पंपहाउसपर्यंत जाऊन आला, जिथं आता कुंपणाशिवाय काही नाही. साहेबांना वाटलं स्फोट झाला, ते टेबलाखाली गेले. बाई आत आल्या. मी खुर्चीत ताठ बसलेलो, हात बटणावर तसाच. त्या रागावल्या नाहीत. माझा हात बटणावरून हळूच उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, काका, ढग होता. नुसता ढग. तोवर ऊन परत पडलंही होतं. दुसऱ्या दिवशी त्या बटणावर एक लोखंडी झाकण बसलं आणि झाकणावर कुलूप. किल्ली बाईंकडे. कॉलनीतली पोरं आता मला बघितलं की 'ढग आला' म्हणून ओरडतात.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते सांगतो. अपमान वगैरे नाही वाटला. वाटलं, हे आता पुढच्या पाळीला सांगायला हवं. आणि पुढच्या पाळीला फोरमनसाहेब आले, चष्मा पुसला आणि विचारलं, डबा धुतलास का?

तुला पाळीचा चार्ज देणं वेगळं होतं. तुझी गँग कायम आमच्यामागून. तू आत यायचास, डबा ठेवायचास, बोर्डाकडे न बघता आधी टेबलावर तळहात टेकवून कंप बघायचास, आणि मग मला बोल म्हणायचास. मी सांगायचो, दोन नंबरचा पंप गरम होतोय, मुलीचा ताप उतरत नाही, राखेची लाइन तुंबली होती, घरी सासूबाई आल्यात. सगळं एका दमात. तूही तसंच ऐकायचास, पंप आणि ताप यांत फरक न करता. पंधरा-वीस मिनिटं, बस्स. तू कामाला लागलास की मी घरी, आणि तू सुटलास की मी झोपेत नाहीतर पुढच्या पाळीच्या तयारीत. लोक म्हणायचे, हे दोघं जिवलग मित्र. पण जन्मात आपण एक संध्याकाळ निवांत एकत्र बसलो नाही. तुझी बायको, आमच्या वहिनी, गेल्या, आणि तू पुन्हा कामावर आलास, तेव्हा मी दोन नंबरच्या पंपाबद्दलच बोलत राहिलो, नको तितकं, त्याचं बेअरिंग, त्याचं तेल, त्याचा आवाज. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, बरं केलंस सांगितलंस. निवृत्त झालो की क्लबच्या पायरीवर बसून जन्माचं राहिलेलं बोलून घ्यायचं, असं आपलं ठरलं होतं. आता दोघंही मोकळे आहोत, एकाच वेळी मोकळे आहोत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालंय. आणि तू तिकडे आहेस. (हस्ताक्षराचा दोष.)

विषयावर येतो. हवेचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना माझी पंचाईत होतेय, कारण न येण्याच्या कारणांत ते बसत नाही. हवा स्वच्छ झालीय. फाटकाजवळचं ते मोठं झाड, ज्याची पानं करडीच असतात असं आपण समजत होतो, ते हिरवं आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. डोंगर तिथंच असणार म्हणा, पण तुझ्या वहिनीनं तो परवा पहिल्यांदा पाहिला आणि मला हाक मारून दाखवला. माझा सकाळचा खोकला गेला. तुझ्या छातीला ही हवा मानवली असती, असं एखादा म्हणेल. मी म्हणत नाही.

पण सगळं निवळलं असंही नाही. यंदा उन्हाळा इतका आधी आला की लोकरीच्या कपड्यांच्या घड्या घालायला वेळ मिळाला नाही, आणि मग अवेळी असा पाऊस झोडपून गेला की राखेच्या तळ्याचा बांध फुटतो की काय म्हणून आम्ही सगळे जाऊन उभे राहिलो. शाळेची मुलं प्लांट बघायला आली होती. एका चिमुरडीनं मला विचारलं, आजोबा, हा सगळा धूर तुम्ही करायचात? मी म्हटलं, आम्ही वीज करायचो, धूर आपोआप व्हायचा. ती मान डोलावून पुढं गेली. हवा तापली त्यात आपल्या चिमणीचा हात आहेच, ते मी कुणाशी वाद घालून नाकारणार नाही. आणि तिच्या शाळेतले दिवेही आपणच लावले, तेही मी सोडणार नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचं काय करायचं ते मला उमगत नाही. तू असतास तर टेबलावर तळहात टेकवून काहीतरी म्हणाला असतास. फोरमनसाहेबांशी बोलायला गेलो तर त्यांनी फळा काढला.

पोरांचं म्हणशील तर निम्मी कॉलनी रिकामी झालीय. कोळसा उतरवणारे, पट्ट्यावरचे, कंत्राटावरचे, सगळे पांगले. चारपाच जणांना पॅनेलं धुवायचं काम मिळालं, बाकीच्यांना प्रशिक्षण देऊ म्हणालेत, कधी ते सांगितलं नाही. चहावाल्यानं टपरी बसथांब्यापाशी हलवली, पण बस दिवसातून दोनदा, तर चहा कोण पिणार. संध्याकाळी रस्त्यावरून चालताना कुलपं मोजायची नाहीत असं मी ठरवलंय. हे सगळं बघायला तू येऊ नयेस. पलंगाखालची बॅग बाहेर काढ, कपडे कपाटात लाव, मुलाचं ऐक, नातवंडांत रम. इथं आता तुझं काही काम नाही. माझंही नाही, पण मी इथं आहे एवढंच.

मोठ्यांना नमस्कार सांगावा असं तुझ्या घरात तुझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे. लहानांना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा,
चार्ज देणारा

ता. क. माझं न ऐकता आलासच, तर सकाळच्या बसनं ये, दुपारची थांबत नाही. येताना एक चांगली टॉर्च आण. तुझ्या क्वार्टरची किल्ली माझ्याकडेच आहे. रोज जाऊन खिडक्या उघडतो आणि संध्याकाळी लावतो, घराला वारा लागावा म्हणून, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या वहिनीनं पत्र वाचून पाहिलं. म्हणाली, ही न येण्याची कारणं आहेत की आमंत्रण? मी म्हटलं, कारणं आहेत. तिनं तुझ्या क्वार्टरमधली गादी उन्हात टाकलीय. पॅनेलावर नाही, अंगणात.

ता. क. तिसरा. (मुला, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. हे तुझ्यासाठी आहे.)

तू लिहायला सांगितलंस तसं मी लिहिलं. कारणं खोटी नाहीत. दवाखाना खरंच बंद आहे, आणि त्याला काही झालं तर मी तुला तोंड दाखवू शकणार नाही, हेही खरं. पण तुझं काम मी केलं, तर माझं एक तू करावंस.

प्लांट बंद झाला तो माझ्या पाळीत. आम्ही लोड थोडा थोडा करून खाली आणला, टर्बाइन फिरत फिरत थांबली, साहेब चार शब्द बोलले आणि सगळे फाटकापाशी फोटो काढायला गेले. मी खुर्चीत बसून राहिलो. बोलवायला आलेल्यांना म्हटलं, येतो, पुढच्या पाळीचा रिलीव्हर येऊ दे. मग कुणीतरी सांगितलं की पुढच्या पाळीला येऊ नका असं घरोघर कळवलंय. तुझ्या वडलांचा यात काही दोष नाही. घ्यायला काही उरलंच नव्हतं, ते येऊन काय घेणार होते? पुढं तू त्यांना घेऊन गेलास, तेव्हा गाडीपाशी इतकी माणसं होती की आम्ही एकमेकांना नुसतं 'बरंय' म्हणालो.

ते रोज माझ्यामागे येऊन उभे राहायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "ऊठ आता, मी आहे." एवढं ऐकल्याशिवाय मी जन्मात कधी घरी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. माझं मन अजून तिथून उठलेलं नाही, मुला. मला त्यांची फार आठवण येते.

त्यांना तेवढं एकदा म्हणायला सांग. फोनवर म्हणाले तरी चालेल, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. फोनवरून चार्ज घेता येत नाही, समोर येऊन उभं राहावं लागतं. माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांनाच विचार.